गुडघ्याखालचा तीळ

माझी सून म्हणते, आई बाजारातून मेथी आणतात आणि घरी आल्यावर तिची उलटतपासणी घेतात. खोटं नाही. तीस वर्षं कोल्हापुरात विशेष मुलांच्या शाळेत शिकवलं. आपल्या पोराला काय काय येतं ते आईबाप थोडं फुगवून सांगतात, आणि कागदावर येईपर्यंत ते आणखी फुगतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की समोरचा ‘सगळं छान आहे’ म्हणाला की माझे कान आधी टवकारतात. निवृत्त झाल्यावर एका संस्थेने माझी हीच खोड कामाला लावली. त्यांच्या गावोगावच्या कार्यकर्त्या लहान मुलांच्या वाढीच्या चाचण्या घेतात. त्या खरोखर घेतल्या जातात की घरी बसून कागद भरले जातात, हे जाऊन बघायचं. त्यासाठी गेल्या हिवाळ्यात मी नंदुरबार जिल्ह्यात चार दिवस राहून आले.

मुलं कोणती, ते आधी सांगायला हवं. आईला एचआयव्ही आहे, पण तिने वेळेवर गोळ्या घेतल्यामुळे बाळाला लागण झालेली नाही, अशी ही मुलं. जन्मल्यावर काही आठवडे बाळाला औषध पाजतात, ठरलेल्या महिन्यांना रक्त तपासतात आणि दीड वर्षाची शेवटची तपासणीही ‘नाही’ आली की बाळ त्यातून सुटलं. पण अशा सुटलेल्या मुलांपैकी काही चालायला, बोलायला जराशी मागे राहतात असं डॉक्टर मंडळी सांगतात. आईचं आजारपण, घरातली ओढाताण, पोटात असताना मिळालेली औषधं, की आणखी काही, यावर त्यांचं एकमत नाही. म्हणून मुलं तीन वर्षांची होईपर्यंत मधूनमधून त्यांच्यापुढे ठोकळे, घंटी, चित्रं मांडून बघायचं आणि कोणी मागे पडत असेल तर त्याला लवकर हात द्यायचा.

या मुलांच्या घरची गोष्ट बाहेर फुटली तर त्यांचं काय होईल ते मी तिथे पाहून आले आहे. म्हणून पुढे आलेली नावं खरी नाहीत, आणि त्यातलं एक कुटुंब ज्या केळीच्या मळ्यात राहतं तो नेमका कुठे आहे तेही सांगणार नाही.

पहिला दिवस : लोणखेडा

नंदुरबारला उतरल्या उतरल्या मला खोकला सुटला. गावाबाहेरच्या मोकळ्या पठारांवर मिरच्या वाळत घातलेल्या होत्या. लाल, लांबवर, नजर जाईल तिथपर्यंत. आमच्याकडे संकेश्वरी मिरची असते, तिचा मला अभिमान आहे, आणि तो मी न्यायला आलेल्या सुरेखाला डोळे पुसत पुसत ऐकवला. ती स्कूटरला किल्ली लावत म्हणाली, “ताई, तुमनी मिरची भाजीमा ऱ्हास. आठे ती हवामाच शे.”

सुरेखा म्हणजे ज्या कार्यकर्तीचे कागद तपासायला मी आले होते, ती. पस्तिशीची, सडसडीत, स्कूटर पायाने रेटल्यासारखी चालवणारी. माझ्याशी बोलताना ती शाळेतलं मराठी सुरू करायची आणि दोन वाक्यांत अहिराणीवर घसरायची. शहाद्याजवळच्या लोणखेड्याला तिचं घर. तिथेच माझी उतरायची सोय होती, आणि तेही मला खटकलं होतं. जिची तपासणी करायची तिच्याच घरचं जेवायचं म्हटल्यावर तोंड कसं उघडायचं?

तोंड उघडलं ते कळण्याच्या भाकरीसाठी. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, काळपट, खमंग. सोबत वांग्याचं भरीत, हिरवी मिरची कुटून घातलेलं, वर कच्चं शेंगदाणा तेल. आमच्याकडे भरतात दही घालतात, इथे तसला लाड नाही. पहिल्या घासाला मी ‘हे काय, सौम्य आहे’ म्हणाले आणि चौथ्या घासाला गुळाचा खडा मागितला. सुरेखाची नववीतली मुलगी भिंतीकडे तोंड करून हसली.

जेवण झाल्यावर मी पिशवीतून फॉर्म काढले. निघण्याआधी मला ते पाठवले होते आणि गाडीत मी ते पुन्हा पुन्हा वाचले होते. सगळे एका शाईत, एका वळणात, कुठे खाडाखोड नाही. लहान मुलाची चाचणी घेतली की कागदावर लाळ सांडते, बिस्किटाचा चिखल लागतो, एखादा कोपरा चावून जातो. हिच्या कागदांना साधा बोटाचा डाग नव्हता. शेवटचा ‘शेरा’ रकाना तर सगळीकडे कोरा.

“सुरेखा, हे कुठे बसून भरतेस?”

“घरीच की, ताई. रातला आवरनं का.”

मी मनात म्हटलं, घ्या, चोर स्वतःच बोलला.

त्यातला एक फॉर्म मी वेगळा काढून ठेवला होता. मुलगा, नाव देवांश, वय वीस महिने. चौदाव्या महिन्याच्या फॉर्मवर होतं, ‘उभा राहत नाही, जमिनीवर ठेवल्यास पाय वर घेतो, रडतो.’ अठराव्याला लिहिलं होतं, ‘न धरता चालतो, पळतो, पायरी चढतो.’ मुलं अशी मोठ्या उडीने पुढे जातात, नाही असं नाही. पण चार महिन्यांत? माझ्या मनात पाल चुकचुकली. दवाखान्याच्या जुन्या कार्डाची प्रतही सोबत होती. त्यावर ओळखखूण लिहिली होती, डाव्या गुडघ्याखाली तीळ. ती मी पाठ केली.

“उद्या हा देवांश दिसेल का?” मी विचारलं.

सुरेखाने ताटं उचलली. “येई,” म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली नाही.

दुसरा दिवस : प्रकाशा

प्रकाशा तापीकाठी. घाटावर कोणी अस्थी घेऊन आलेलं, कोणी नुसतं नवसाला आलेलं, मुंडण करणारे न्हावी पाण्याच्या कडेला रांगेने बसलेले. आमची पंचगंगा यापुढे ओढ्यासारखी वाटेल, हे मी कोल्हापूरकर असूनही कबूल करते. पाणी रुंद, स्वस्थ, हिवाळ्याच्या उन्हात पितळेच्या परातीसारखं. पलीकडच्या काठाला केळीच्या बागा.

घाटाजवळच्या एका धर्मशाळेच्या ओट्यावर सुरेखाने चटई टाकली. माझ्या यादीप्रमाणे त्या दिवशी दोन मुलं यायची होती. आली दहा. कडेवर, बोटाला धरून, एक तर रडत रडत ओढून आणलेलं. मी सुरेखाला बाजूला घेतलं.

“दोनाची दहा कशी झाली? आकडे फुगवायचेत का?”

ती हळूच म्हणाली, “ताई, दोनच पोरे बलाई ना, तं गाव इचारी, हाईच दोन काबर? म्हनून सगळास्ले बलावस. बाळ खेळाडाना कार्यक्रम. कोनी वळखाले नको, आपला कोनता ते.”

ते मला पटलं. तरी मी दहाही डोकी मोजून वहीत लिहिली.

पहिली फजिती माझीच झाली. बाळाच्या पाठीमागे घंटी वाजवायची आणि ते वळतं का बघायचं, अशी एक साधी चाचणी असते. मी घंटी वाजवली, एकही मूल वळलं नाही. दुसऱ्या बाजूने वाजवली, तरी नाही. सगळी बहिरी की काय, असं मला वाटलं. मग कळलं, शेजारी देवळात सकाळपासून घंटांचा गजर चालू होता. तिथल्या पोरांना घंटी म्हणजे वाऱ्यासारखी. सुरेखाने पाठीमागे बिस्किटाचा पुडा कुरकुरवला. दहाच्या दहा माना एकदम फिरल्या.

मग ललिता आली. देवांशची आई. तेवीस-चोवीसची असेल, चेहरा लहान, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट. तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याच्या मळ्यात नवरा केळीला पाणी धरतो, तीही तिथेच निंदायला जाते, मळ्यातल्याच खोल्यांत सासू, दीर, थोरली जाऊ म्हणजे तिकडची जेठाणी, सगळे राहतात. ती पोटुशी असताना तपासणीत आजार कळला. नवऱ्याला माहीत आहे, बाकी घरात कोणालाच नाही. रोजच्या गोळ्या ती रक्तवाढीच्या म्हणून घेते. हे सगळं सुरेखाने स्कूटरवर सांगितलं होतं.

तिच्या कडेवरून मुलगा खाली उतरला तो थेट पळतच आला. ठोकळे माझ्या हातातून हिसकावले. एकावर एक सहा रचले, लाथेने पाडले, त्यातला एक उचलून घाटावरून येणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या तांब्यात नेमका टाकला. कागदावर लिहिलं होतं त्याहून पोरगं तरबेज. मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

तो पायरीवरून उडी मारताना आपटला, उठला, ललिताकडे गेला आणि तिचा पदर ओढून म्हणाला, “काकू, बिचकूट.”

मी ललिताकडे पाहिलं. ती दुसरीकडे पाहत होती.

पोरगं मळकं होतं, गुडघे तर काळेठिक्कर, खपल्या धरलेले. मी सहज म्हणून नळावर रुमाल भिजवला, त्याला मांडीवर घेतलं आणि ‘बघू रे, किती माती लागलीय’ म्हणत डावा पाय पुसू लागले. गुडघा पुसला, नडगी पुसली, पोटरी पुसली. तीळ नव्हता. घासताना एक खपली निघाली आणि रक्ताचा थेंब आला. मी त्यावर अंगठा दाबून धरला, फुंकर घातली आणि पोराला सोडून दिलं. ललिता आता माझ्याकडेच बघत होती.

चारचौघांत मी काही बोलले नाही. परतताना तापीच्या पुलावर मात्र मला राहवेना. मागे बसूनच मी सुरेखाच्या कानाशी म्हणाले, “तो देवांश नव्हता.”

तिने स्कूटर कठड्याला लावली.

“माहीत शे मले. दोन महिना व्हयनात.”

“आणि तू फॉर्म भरलास? दुसऱ्याच्या पोराचा?”

“तो जेठानीना बंटी. एकच वयना.” तिने डिकीतून एक वही काढली. तिच्या मुलीची चित्रकलेची जुनी वही होती. पानापानावर फुलं काढलेली, प्रत्येकाखाली बारीक खुणा आणि टिपणं. चाफा, जास्वंद, झेंडू. एका पानावर सूर्यफूल, म्हणजे देवांश, घरचा देवू; त्याच्या पाकळ्या न रंगवलेल्या. खाली पेन्सिलने लिहिलं होतं, ‘बंटी आणला. देवू दिसला नाही.’ पुढच्या पानावर पुन्हा तेच.

सुरेखाने सांगितलं ते असं. फॉर्मच्या माथ्यावर आजाराचं नाव छापलेलं आहे, म्हणून ती फॉर्म गावात नेतच नाही. कोणी वाचलं तर त्या बाईचं घर मोडेल. प्रत्येक मुलाला एक फूल ठरवायचं, जे दिसतं ते या वहीत त्याच्या फुलाखाली टिपायचं आणि घरी येऊन स्वच्छ उतरवायचं. कागदांवर डाग का नसतात ते मला त्या पुलावर समजलं.

“पण हे खोटं कशाला उतरवलंस?”

“मी तिले पकडतू ना, ती येनंच बंद करती. तिना गोळ्या बी मन्हाच हातखाल जातस. मंग पोऱ्या बी गया, माय बी गयी.” मग शाळेतल्या मराठीत म्हणाली, “ती स्वतःहून सांगेल, म्हणून मी थांबले होते.”

मला राग आला होता, आणि तो मी गिळला नाही. तुझं थांबणं तुझ्यापाशी, मी म्हटलं, पण तिकडे एक खरं पोर घरात पडून आहे, त्याला काय येतं, काय येत नाही हे जगात कोणाला ठाऊक नाही, आणि आपल्या कागदावर ते पळतंय. मी हे वर कळवणार.

“कळावा,” ती म्हणाली. “पन एक रोज थांबा. सकाळ मळामा जाऊ.”

तिसरा दिवस : केळीचा मळा

केळीच्या बागेत शिरलं की ऊन बाहेर राहतं. पानांचा हिरवा अंधार, खाली पाटाचं पाणी, घडांना निळ्या पिशव्या बांधलेल्या. आमच्याकडच्या उसात अशी वाट नसते, ऊस माणसाला आत घेत नाही. इथे मी दोनदा चिखलात रुतले आणि एक चप्पल पाटात सोडून आले.

मळ्याच्या तोंडाशी मालकांची, म्हणजे पाटलांची, म्हातारी आई बाजेवर बसली होती. पांढरं लुगडं, तीक्ष्ण डोळे. तिने आम्हाला ताकाचे पेले दिले आणि ताक पिऊन होईपर्यंत प्रश्न विचारले. कोठून उनात? सर्वे शे का? तिनाच घर काबर? माझ्यासारखीच संशयी बाई भेटली म्हणून मला एरवी आनंद झाला असता. सुरेखा गोड आवाजात म्हणाली, “आजी, ह्या ताई कोल्हापूरथून उन्यात. पोरे खेळाडतीस. तुमना नातूले बी लई या.” म्हातारीने मान हलवली. तिला पटलेलं नव्हतं, आणि मी तिच्या जागी असते तर मलाही पटलं नसतं.

सासू आणि जेठाणी निंदायला गेल्या होत्या. ललिता खोलीच्या दारात उभी होती. आम्ही का आलोय ते तिला आम्हाला बघूनच समजलं. ती बाजूला झाली.

आत छताच्या वाशाला झोळी बांधलेली होती. झोळीत देवू. गोरटेला, गुबगुबीत, मोठ्या डोळ्यांचा. त्याने माझा चष्मा नीट पाहून घेतला आणि हसला. मी पिशवीतून लाल लोकरीचा चेंडू काढून डावीकडून उजवीकडे नेला, त्याची नजर बरोबर फिरली. हातात दिला, त्याने तो या हातातून त्या हातात घेतला, चाटला, परत मला दिला. “दे” म्हणाला. “माय” म्हणाला. वाशावर बसलेल्या चिमणीकडे बोट केलं. डोकं चांगलं होतं, हात चांगले होते. मग मी त्याचे पाय हातात घेतले.

डाव्या गुडघ्याखाली तीळ होता. आणि गुडघे असे होते, जसे चार महिन्यांच्या तान्ह्याचे असतात. मऊ, गुलाबी, एक ओरखडा नाही. वीस महिन्यांच्या पोराचे असे गुडघे मी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते.

“याला खाली सोडत नाहीस?” मी विचारलं.

ललिताने झोळीची दोरी धरली. सुरेखाने तिच्या पाठीवर हात ठेवला, तशी ती एकदम बोलू लागली, आणि माझ्याशीच बोलली.

“ताई, याना रगतमा काही नही ना?”

“नाही. तीनदा तपासलंय. शेवटचंही ‘नाही’च आलंय.”

“मंग तुम्ही येतस काबर?”

मी देवूचे पाय सोडले.

“ज्याले काही नही, त्याले कोन देखाले येस? ठोकळा उचलस का, चालस का, बोलस का. पाटीलना पोऱ्याले कोनी इचारत नही. मन्हाच पोऱ्याले काबर? म्हंजे आजार शेच. तुम्ही फक्त सांगत नही. हाऊ चालना नही, हाई कागदवर उनं का एक रोज येशात आनि सांगशात, बाई, चूक व्हयनी व्हती.”

म्हणून तिने बंटीला नेलं होतं. चालणारा, बोलणारा, सहा ठोकळे रचणारा. आमच्या ठोकळ्यांना ती रक्ताच्या तपासणीचीच दुसरी तऱ्हा समजत होती, आणि आपलं पोर त्यात नापास होऊ नये म्हणून शेजारच्या खोलीतलं पोर उसनं आणत होती. मी तिला मूर्ख म्हणू शकले नाही. तिच्या जागी बसून मी विचार केला असता तर मीही तिथेच पोचले असते. आम्ही कधी तिला धड सांगितलंच नव्हतं, की बाई, हा आजार शोधायला आम्ही येत नाही.

“पण खाली का सोडत नाहीस?”

“खाले सोडा तं पडी. पडना तं रगत निंघी.” तिने देवूचे पाय झाकले. “मी दिनभर वावरमा. रगत कोन पुसी? सासू पुसी, जेठानी पुसी, बंटी हात लाई. त्यास्ले काही व्हयनं तं? मी कोठे जाऊ?”

“ललिता, त्याच्या रक्तात काही नाही.”

“कागद सांगस,” ती म्हणाली.

सासूला तिने सांगून ठेवलं होतं की पोराचे पाय नाजूक आहेत, डॉक्टरने उतरवू नको म्हणून सांगितलंय. सासूही नातवावर जीव टाकणारी, तिने दुसरी झोळी शिवली होती.

मी त्यानंतर तासभर बोलले. शिकवायची सवय आहे, तोंड चालतं. आजार कसा पसरतो, कसा नाही, तिच्या गोळ्यांनी पोर कसं वाचलं, हे वाचवणं तिचंच काम कसं होतं. ही तपासणी कशासाठी, ठोकळ्यांचा रक्ताशी कसा काही संबंध नाही. ती ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, आता त्याला अंगणात उतरव. तिने सुरेखाकडे पाहिलं. सुरेखाने मान डोलावली.

सारवलेल्या अंगणात खाट होती. ललिताने देवूला खाटेपाशी उभं केलं. पाय जमिनीला लागताच त्याने ते वर ओढून घेतले, दोनदा, तीनदा. मग टाच टेकली. मग बोटं. खाटेची कड धरून तो उभा राहिला आणि आपण काय केलंय ते कळून आमच्याकडे पाहू लागला. मी लाल चेंडू खाटेच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. कड धरून एक पाऊल. मग दुसरं. तिसऱ्या पावलाला त्याने चेंडूकडे दोन्ही हात नेले.

पडला तो गुडघ्यावर. खाली एक खडा होता. त्याने मोठा भोंगा पसरला. उजव्या गुडघ्यावर, त्या नव्याकोऱ्या कातडीवर, रक्ताचा एक थेंब उगवला.

ललिता जागची हलली नाही. आणि माझा हात पिशवीत गेला. पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात हातमोजे असतात. माझी बोटं त्यांना लागली होती, एक मोजा अर्धा बाहेरही आला होता, तेव्हा मला दिसलं की ललिता माझ्या हाताकडे बघतेय.

तेवढ्यात सुरेखाने पोराला उचललं, अंगठ्याने तो थेंब पुसला, अंगठा आपल्या पदराला पुसला, गुडघ्यावर फुंकर मारली. “उठ रे सरदार! खडाले मार, खडाले!” तिने खड्याला चापट मारली. देवूने रडता रडता खड्याला चापट मारली.

“नियम आहे,” मी म्हणाले. “कोणाचंही रक्त असो, आम्हाला हातमोजे घालायला सांगितलेलं असतं.” आणि नियम तसा आहेच.

ललिता शांतपणे म्हणाली, “काल बंटीले तं तुम्ही असाच अंगठा लाया व्हता.”

मला उभ्या जागी गाडून घ्यावंसं वाटलं. तासभर मी तिला समजावत होते की कागदावर विश्वास ठेव. तिन्ही ‘नाही’ मी स्वतः वाचले होते. जगभरच्या लोकांवर संशय घेत आले, पण स्वतःच्या हाताची झडती कधी घेतली नव्हती. घाटावर तीळ दिसला नाही, म्हणजे हे पोर आजारी बाईचं नाही, एवढं कळताच माझा अंगठा आपोआप पुढे गेला होता. इथे तीळ दिसला होता. म्हणून तो हात पिशवीत गेला.

“माझं चुकलं,” मी म्हणाले. मोजा आत ढकलला.

ललिता माझ्याकडे बघतच राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. तिचा संशय खरा ठरला होता आणि त्याचं तिला सुख नव्हतं. मग तिने सुरेखाच्या पदराकडे पाहिलं. तिथे एक बारीक लाल ठिपका होता.

“ताई,” ती सुरेखाला म्हणाली, “तुम्ही रोज येशात का?”

“रोज नही. मंगळवारे येसू. रोज तू.”

देवू सुरेखाच्या कडेवरून चेंडूकडे झेपावत होता. ललिताने त्याला आपल्याकडे घेतलं. मला वाटलं, आता झोळीत ठेवणार. तिने त्याला पुन्हा खाटेच्या कडेपाशी उभं केलं, आणि आपण दोन हातांच्या अंतरावर, तो पडला तर पोचता येईल अशी, जमिनीवर बसली.

चौथा दिवस : विसरवाडी

परतीची धुळ्याकडची गाडी विसरवाडीला मिळणार होती. सुरेखा तिथपर्यंत सोडायला आली. हमरस्त्याचा फाटा, गुजरातकडचे ट्रक, फळांच्या गाड्या, कंडक्टरच्या आरोळ्या. एका ढाब्यावर आम्ही शेवभाजी खाल्ली. लाल तर्रीत जाड शेव. आमच्या मिसळीची चुलत बहीण म्हणावी अशी, पण स्वभावाने तिखट. या वेळी मी सौम्य म्हणाले नाही.

“वर काय कळावणार?” सुरेखाने विचारलं.

मी रात्रभर तेच ठरवत होते. मी म्हणाले, देवांशचा अठराव्या महिन्याचा फॉर्म चुकीचा आहे, तो रद्द करा, असं लिहिणार. ते टळणार नाही. का चुकला, तेही लिहिणार. आणि आईला आपण काय काय सांगायला विसरलो होतो तेही.

“आनि हातमोजा?”

“तेही.”

तिने एक शेव बोटाने उचलून तोंडात टाकली. “ते राहू द्या, ताई,” म्हणाली. “ते मले आनि तिले ठावं शे, तेवढं पुरे.”

मी ते लिहिलं. इथेही लिहिते आहे.

कोल्हापूरला आल्यावर महिनाभर काही कळलं नाही, आणि माझं मन जे करायचं ते करत राहिलं. झोळी परत बांधली असेल. सासूने सोडू दिलं नसेल. सुरेखा मंगळवारी जात नसेल. दर मंगळवारी मी फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची.

मग एक दिवस दुपारी फोनवर सुरेखाचा फोटो आला. चेहरा नाही, घर नाही, ओळख पटेल असं काही नाही. तिची पद्धतच ती. फक्त दोन लहान गुडघे. काळे, मातीने माखलेले, दोन्हींवर खपल्या, एका खपलीवर नवी खपली. खाली लिहिलं होतं, ‘नवीन फॉर्म भरी ऱ्हायनू. शेरामा काय लिखू?’

मी आधी चष्मा पुसला. फोटो दोन बोटांनी मोठा केला, डाव्या गुडघ्याखाली नेला आणि तीळ शोधला. माती होती, तरी होता. एवढ्याने समाधान होईना, म्हणून कार्डाची प्रत काढून पुन्हा एकदा ताडून पाहिला. तोच.

मग डोळे पुसले आणि तिला कळवलं. शेरा : दोन्ही गुडघे फुटलेले. वाढ उत्तम.